विहिरीच्या पाण्यात धुतलेले फोटो

आमच्या घरात पाण्याबद्दल वाईट बोलायची पद्धत नव्हती. भात करपला, कालवणात मीठ जास्त पडलं, भाकरी जाड झाली तर त्यावरून बोलणी व्हायची, पण आज पाणी मचूळ लागतंय असं कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही. विहीर घराच्या मागे, वाडीच्या तोंडाशी होती. नंदाखाल गावातल्या आमच्या आळीत लग्न असलं की आदल्या संध्याकाळी बायका बँड लावून, नवी लुगडी नेसून, गाणी म्हणत आमच्याच विहिरीवर यायच्या आणि नवरीच्या अंघोळीचं पाणी कळशीत भरून न्यायच्या. दुसऱ्याही विहिरी होत्या, पण आमचं पाणी सगळ्यात गोड. अशा वेळी बा धुतलेला सदरा घालून काठावर उभे राहायचे. पहिला पोहरा तेच ओढायचे. मुलगी त्यांचीच असावी इतके ते त्या दिवशी गंभीर असायचे.

घरात आम्ही आमच्या बोलीत बोलायचो. ती लिहायला मला शाळेने शिकवलं नाही, म्हणून इथं माणसांचं बोलणं मी शाळेच्याच मराठीत लिहिते आहे. आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली, आणि ही दोन वाक्यं नीट लिहिता येतात तीही त्या शाळेची देणगी आहे, हे मी विसरत नाही.

वाडीत पानवेली होत्या, नारळ होते आणि राजेळी केळी. राजेळी पिकली की आय ती सोलून मांडवावर उन्हात घालायची, रोज उलटायची, आणि संध्याकाळी झाकून घरात आणायची. सुकेळी तयार व्हायला लागली की घरभर गुळासारखा वास सुटायचा आणि आम्हा मुलांचे हात दिवसभर चिकट असायचे. माझ्या लहानपणी विहिरीवर रहाट होता. त्याची कुरकुर पहाटे सुरू व्हायची आणि ती ऐकत आम्ही अंथरुणात लोळायचो. मग रहाट गेला, पंप आला. पंपाचा आवाज अंगावर येणारा, पण त्याचीही सवय झाली. पुढे विहीर उन्हाळ्यात तळाला जाऊ लागली, तेव्हा बांनी आडवी बोअर मारायची ठरवली. माणसं मशीन घेऊन विहिरीत उतरली आणि विहिरीच्या पश्चिमेच्या भिंतीत, म्हणजे समुद्राच्या बाजूला, जमिनीखालून आडवं लांब भोक पाडलं. आय त्या वेळी काठावर उभी होती. ती एकदाच बोलली. "विहिरीच्या पोटाला भोक पाडू नका. तिने आपल्याला कधी कमी केलं नाही." बांनी मशीन थांबवलं नाही. त्यानंतर बरेच दिवस ती त्यांना जेवायला वाढायची, पण त्यांच्याशी बोलायची नाही.

बोअरने पाणी भरपूर आलं. इतकं की वाडीला पुरून उरायला लागलं, आणि उरलेलं पाणी न्यायला टँकर येऊ लागले. विरारकडे इमारती उभ्या राहत होत्या, त्यांना पाणी हवं होतं. आमच्या आळीतल्या बहुतेक वाड्यांतून तेव्हा टँकर भरायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. माझी कॉलेजची फी त्याच पाण्यातून गेली. रसायनशास्त्र शिकायला मी आगाशीच्या रस्त्याने सायकलवरून निघायचे तेव्हा समोरून रिकामा टँकर आमच्या वाडीकडे जाताना भेटायचा, आणि ड्रायव्हर मला हॉर्न द्यायचा.

मी शेवटच्या वर्षाला असताना आय गेली. पोटातलं दुखणं होतं, उशिरा कळलं. माझा मोठा भाऊ जेरोमदादा बोटीवर होता, कुठल्या समुद्रात होता तेही आम्हाला नक्की ठाऊक नव्हतं. आमच्याकडे माणूस गेलं की शवपेटी अंगणात ठेवतात, झाकण उघडं असतं, आणि चर्चमध्ये मिस्सेला नेण्याआधी सगळं घर पेटीमागे उभं राहून फोटो काढतं. बाहेरच्यांना हे विचित्र वाटतं. पण आमच्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी बोटीवर किंवा आखातात असायचं, आणि त्या माणसाला आपल्या आईचं किंवा बापाचं शेवटचं दर्शन त्या फोटोतच व्हायचं. आयचा फोटो इनासकाकांनी काढला. ते बांचे धाकटे भाऊ, आणि आमच्या घराला लागूनच रस्त्याच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. आयच्या हातात रोझरीची माळ होती, पेटीला आतून पांढरी लेस होती, आणि बा डोक्याकडच्या बाजूला उभे होते, त्याच धुतलेल्या सदऱ्यात.

पदवी मिळाल्यावर शाळेतल्या नोकरीची वाट बघत मी काकांच्या डार्करूममध्ये मदत करायला लागले. मागची लहान खोली, खिडकीला काळा कागद, लाल दिवा, आणि हायपोचा आंबूस वास, जो केसांत राहायचा आणि रविवारी चर्चमध्येही शेजारणीला यायचा. रंगीत फोटो काका मुंबईला पाठवायचे, पण काळे-पांढरे घरीच करायचे. ते म्हणायचे, काळं कोणालाही जमतं, पांढरं पांढरं दिसलं पाहिजे. नवरीचा डोक्यावरचा व्हेल, पहिल्या कोमुन्यला ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलींचे झगे, पेटीतली लेस, आमच्याकडचे सगळे महत्त्वाचे फोटो पांढऱ्याचेच असतात. कागदावर चित्र उमटलं, हायपोत पक्कं झालं, की तो मोठ्या टाकीत तासभर वाहत्या पाण्यात धुवायचा. टाकीचं पाणी आमच्या विहिरीचं. पाइप बांनी स्वतः टाकून दिला होता.

तिथे मी गेले त्याच सुमाराला फोटो बिघडायला लागले होते. आधी ग्लेझिंगच्या पत्र्यावरून सुटेनात, चमकी यायच्या जागी फोटो पत्र्याला धरून बसायचा आणि ओढला की फाटायचा. मग वाळलेल्या फोटोंच्या पाठीवर पिठासारखा पांढरा थर दिसू लागला. पावसाळ्यात तर फोटो वाळायचेच नाहीत, हाताला ओलसर, गार लागायचे. काकांनी पंख्याला शिव्या घातल्या. मग लोक जुने फोटो परत घेऊन यायला लागले. निर्मळच्या एका बाईने नवऱ्याचा पेटीतला फोटो आणला. लेस पिवळी, आणि नवऱ्याच्या कपाळावर चहा सांडल्यासारखा डाग. तिने पैसे परत मागितले नाहीत. काकांना हळूच विचारलं, "इनास, तू फोटो काढलास तेव्हा यांचं तोंड असंच होतं का?" काका नाही म्हणाले. तिने मान हलवली आणि फोटो पदरात गुंडाळला. नंतर कळलं की ती तिथून थेट फादरांकडे गेली, नवऱ्याच्या आत्म्याला विसावा नाही म्हणून मिस्सा सांगायला. अशा बऱ्याच जणी होत्या. फोटोचा आत्म्याशी संबंध नसतो, असं फादरांनी प्रवचनात एकदा समजावून सांगितलं, पण मिस्सा सांगणाऱ्यांना ते नाही कसं म्हणणार?

जेरोमदादा सुट्टीवर आला तेव्हा हे बिघडणं आमच्या घरापर्यंत आलं. त्याने ट्रंक उघडली, कपड्यांखालून आयचा फोटो काढला, आणि म्हणाला, "समुद्राची हवा खराब. बघ काय झालंय." आयच्या गालापासून हनुवटीपर्यंत पिवळा पट्टा गेला होता. मी घरातला फोटो भिंतीवरून काढून त्याच्या फोटोशेजारी ठेवला. घरातल्या फोटोचंही तेच झालं होतं, फक्त रोज बघण्याने आमच्या ते ध्यानात आलं नव्हतं. समुद्राच्या हवेचा काही संबंध नव्हता. बा तेव्हा दारात बसून पानवेली बांधायला केळीचा वाख सोलत होते. ते उठले, दोन्ही फोटोंकडे उभ्यानेच बघितलं, आणि वाडीत निघून गेले. त्या महिन्यापासून आयच्या नावाची मिस्सा दर महिन्याला होऊ लागली. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही.

मला मात्र कारण शोधायचं होतं. कॉलेजात एक गोष्ट पक्की शिकवली होती, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्यांदा मी कागद बदलला, दुसऱ्या खोक्यातला घेतला. डाग आले. हायपो नवा करून पाहिला, डेव्हलपर ताजा कालवला. डाग आले. मला वाटलं फोटोत हायपो राहून जातोय, म्हणून धुवायचा वेळ दुप्पट केला. त्याने तर फोटो अधिकच बिघडले, आणि हेच मला कळेना. विहिरीत टाकायची लाल पावडर, पोटॅशियम परमँगनेट, तिच्या गुलाबी पाण्यात धुतलेल्या फोटोचे थेंब निथळू दिले. हायपो शिल्लक असता तर गुलाबी रंग उडाला असता. उडाला नाही. धुणं नीट होत होतं. तरी जितकं जास्त धुवावं तितका फोटो लवकर मरत होता. आता बदलायला एकच गोष्ट उरली होती, आणि तिच्यावर संशय घ्यायचं माझ्या मनात अजूनही येत नव्हतं. इतकी मी त्या घरची होते.

ते मनात आणून दिलं टँकरच्या ड्रायव्हरने. तो नायगावकडचा, मिठागरात वाढलेला, बोलण्यात गमत्या. पंप चालू असताना तो बांशी बोलत टायरवर बसायचा. त्या दिवशी म्हणाला, "बाबा, बिल्डर बोंबलतोय. भिंतींना लोना धरतोय, पांढरं मीठ फुटतंय म्हनं. तुमचं पानी आता आमच्या मिठागरात सोडा, आमाला भरतीची वाट बघायला नको." बा हसले. पेला भरून घेतला, त्याच्यासमोर घटाघट प्यायले आणि म्हणाले, "या पाण्याने या आळीच्या सगळ्या नवऱ्या न्हाल्यात. तुझ्या बिल्डरला सिमेंट चांगलं आणायला सांग." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना ते खरंच गोड लागत होतं. आम्हा सगळ्यांनाच लागत होतं. रोज पिणाऱ्याचं पाणी इतक्या हळू बदलतं, की ते त्याच्या जिभेला कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन माझ्या सरांकडून लहान बाटलीत सिल्व्हर नायट्रेट मागून आणलं. चांदीचा हाच क्षार फोटोचा कागद बनवताना लागतो. तो मीठ असलेल्या पाण्यात टाकला की पांढरा साका धरतो. काकांच्या डार्करूममध्ये एका काचेच्या नळीत बॅटरीच्या दुकानातून आणलेलं डिस्टिल्ड पाणी घेतलं, दुसरीत आमच्या विहिरीचं. दोन्हीत थेंब टाकले. पहिली तशीच स्वच्छ राहिली. दुसरीत दूध नासल्यासारखा पांढरा गोळा झाला आणि हळूहळू तळाला बसला. काका माझ्या मागे उभे होते. त्यांना रसायनशास्त्र येत नव्हतं, पण ते बघून त्यांना सगळं कळलं. फोटोत मीठ मुरत होतं. म्हणून तो वाळत नव्हता, म्हणून पत्र्याला चिकटत होता, म्हणून त्यातली चांदी पिवळी पडत होती.

मग काका म्हणाले, "तुझ्या बाला सांगू नकोस. मी बाहेरून पाणी आणीन. फोटो सुधारतील. बाकीचं सोड."

"बाकीचं म्हणजे वाडी आहे, काका."

"म्हणूनच म्हणतो."

पानवेलींच्या पानांच्या कडा तेव्हा तपकिरी पडायला लागल्या होत्या आणि बा त्यावर शेण-पाण्याचे, राखेचे उपाय करत होते. पंप थांबला तर कदाचित, काही वर्षांनी, पाऊस पडून पडून विहीर परत गोडी होईल, असं सर म्हणाले होते. नाही थांबला तर वाडी जाणार, हे नक्की. मी न सांगणं शक्यच नव्हतं. पण बांना काचेच्या नळीतला गोळा दाखवून काय उपयोग होता? त्यांच्याच पाण्याच्या पैशावर शिकलेली विद्या मी त्यांच्याच विहिरीवर उगारली असती.

मी काकांकडून आयची निगेटिव्ह घेतली. तिच्यावरून दोन फोटो काढले, एकाच कागदावर, एकाच हायपोत. एक डिस्टिल्ड पाण्यात, ट्रे बदलत बदलत धुतला, दुसरा टाकीत. काकांना ते आवडलं नाही. "वहिनीचं तोंड जाणूनबुजून खराब करायचं?" ते म्हणाले, पण निगेटिव्ह त्यांनीच दिली. दोन्ही फोटो मी घरातल्या अल्ताराच्या, म्हणजे देव्हाऱ्याच्या, दोन बाजूंना टांगले. तेव्हा दोन्ही सारखेच पांढरे होते. बांना सांगितलं, जुना खराब झाला म्हणून नवे केले. त्यांनी दोन्हींना हात लावून क्रूसाची खूण केली.

पावसाळा आला. रोज संध्याकाळी आम्ही रोझरी म्हणायचो, गुडघ्यावर, अल्तारासमोर, आणि आय दोन्ही बाजूंनी आमच्याकडे बघायची. पहिल्यांदा लेस गेली. मग डावीकडच्या आयच्या गालावर तोच पट्टा उतरायला लागला. उजवीकडची तशीच. बांचं रोझरीतलं लक्ष उडालेलं मला कळायचं, एकच मणी त्यांच्या बोटात अडकून राहायचा. श्रावण संपत आला असेल, एके संध्याकाळी प्रार्थना संपल्यावर ते उठले नाहीत.

"फिलू, हा एकच का असा होतोय?"

मी सांगितलं. जेवढं सोपं करता आलं तेवढं केलं. उजवा बॅटरीच्या दुकानातल्या पाण्यात धुतलाय, डावा आपल्या. आपल्या पाण्यात मीठ आलंय.

"मीठ कुठून आलं?"

"आडव्या बोअरमधून. आपण गोडं पाणी ओढून घेतलं, की त्याच्या जागी समुद्राचं येतं."

ते खूप वेळ डाव्या फोटोकडे बघत राहिले. मला वाटलं चिडतील. मला वाटलं म्हणतील, तुला कॉलेजात घातलं ते हे सांगायला का. त्यांनी तसं काही म्हटलं नाही.

"मी फादरांना सांगायचो, ती माझ्यावर नाराज आहे, म्हणून तोंड असं करते. ते म्हणायचे, तसं नसतं. तू म्हणतेस मीठ आहे." मग थोड्या वेळाने, "तिने सांगितलं होतं ना, पोटाला भोक पाडू नका. मला तर दोन्ही एकच दिसतं."

मी विज्ञानाची पदवीधर. मी त्यांना तिथल्या तिथे समजावायला हवं होतं, की एक श्रद्धा आहे आणि दुसरं कारण आहे, दोन्ही एक नसतात. मला ते जमलं नाही. आजही वर्गात मुलांना कार्यकारणभाव शिकवल्याचं आठवलं, की ती संध्याकाळ आठवते आणि वाटतं, त्यांचं चुकलं कुठे हे मला अजून दाखवता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. बांनी पंप चालू केला नाही. ड्रायव्हरने रस्त्यावरून हॉर्न दिला, मग उतरून आत आला, दोन चेष्टा करून पाहिल्या, बा हसले नाहीत तेव्हा परत गेला. आमच्याकडचा आवाज बंद झाल्यावर पहिल्यांदाच आम्हाला आजूबाजूच्या वाड्यांतले पंप ऐकू आले. सगळ्या बाजूंनी. आमचा टँकर त्याच दुपारी पलीकडच्या वाडीत भरत होता. शेजारचे लोक बांना म्हणाले, तुझी एक विहीर बंद करून समुद्र थांबणार आहे का? त्यांच्या म्हणण्यात काही चूक नव्हती. पानवेली त्या वर्षी गेल्या. राजेळीचे घड आले, पण फळ भरलं नाही, बोटाएवढं राहिलं. सुकेळी करायला मांडव घातला नाही. विहिरीतलं पाणी परत गोडं झालं नाही.

त्यानंतरच्या लग्नाच्या मोसमात आळीतल्या एका मुलीचं लग्न ठरलं. आदल्या संध्याकाळी बँडचा आवाज यायला लागला तेव्हा आम्ही घरातले एकमेकांकडे बघू लागलो. कोणीच त्या घरी जाऊन सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? बा आत गेले, धुतलेला सदरा घालून आले आणि काठावर जाऊन उभे राहिले. बायका गात आल्या, पुढची करवली कळशी पुढे करून थांबली. बांनी पोहरा उचलला नाही.

"या पाण्याने नको," ते म्हणाले. "खारं झालंय. पोरीला दुसरीकडून न्या."

बँडवाल्यांना काय झालं ते कळलं नाही, ते वाजवतच राहिले. मग कोणी तरी त्यांना खूण केली. आमच्या विहिरीबद्दल वाईट बोललेला पहिला माणूस तिचा मालक होता. बायका गाणं न म्हणता वळल्या. त्यांच्या चपलांचा आवाज आळीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता. बा अंधार पडेपर्यंत काठावरच उभे होते, आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून त्यांच्या सदऱ्याचं पांढरं तेवढं बघत होते.

ते त्यानंतर फार जगले नाहीत. मला तोवर शाळेत नोकरी लागली होती. आजारात त्यांनी इनासकाकांना जवळ बोलावून एकच गोष्ट सांगितली, ती बांना पुरल्यानंतर काकांनी मला सांगितली. काका म्हणाले, "त्याने सांगितलंय, माझा पेटीतला फोटो आपल्याच विहिरीच्या पाण्यात धुवा. तिचा धुतला तसाच." काकांचं मन त्याला धजत नव्हतं. त्यांनी विचारलं, एक चांगल्या पाण्यातलाही करून ठेवू का, कोणाला कळणार नाही. मी नको म्हणाले. मी स्वतः पोहऱ्याने पाणी काढलं, ट्रेमध्ये ओतलं, आणि फोटो त्यात तासभर हलवत राहिले. लाल दिव्याखाली बांचा चेहरा पाण्याच्या खाली स्पष्ट होता, सदरा पांढरा होता. इतका चांगला फोटो माझ्या हातून पुन्हा कधी झाला नाही.

वाडीच्या जागी आता इमारत आहे. विहीर बुजवली, तिच्यावर गाड्या लावतात. तिन्ही फोटो माझ्याकडे आहेत, एका रांगेत. उजवीकडची आय अजून तशीच, लेसची नक्षी मोजता येते. डावीकडची पिवळी पडून थांबली आहे. बांचा चेहरा मात्र पुरता गेला. नातवंडं विचारतात, आजी, हा कोण, काहीच दिसत नाही, फोन दे, आम्ही साफ करून देतो. मी फोटो त्यांच्या हातून काढून घेते आणि परत लावते. अजून पेटीची कड दिसते, आणि छातीवर जोडलेल्या हातांतली रोझरी. हवा दमट असली की फोटो अजूनही हाताला ओला लागतो.